गावातल्या गावात वेगळं राहायचंय. घरी कारण काय सांगू?

निळी_छत्री | ११ जून, रात्री ११:०८

बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी २९ वर्षांची. घर नागपुरात नंदनवनला, नोकरी मिहानमध्ये (विमानतळाकडचं औद्योगिक क्षेत्र). लग्न झालेलं नाही, सध्या करायचंही नाही, पण धागा त्यावर नाही, तिकडे नेऊ नका प्लीज. घरी आई, बाबा, आजी. छळ नाही, भांडण नाही, माझ्या पगारावर कोणाचा डोळा नाही. रोज डबा मिळतो. बाबा अजूनही रविवारी माझ्या गाडीत हवा भरून आणतात.

आणि मला वेगळं राहायचंय. इथेच, नागपुरात. खामला किंवा त्रिमूर्तीनगरकडे वन बीएचके, एकटीने.

धाकटा भाऊ बाविसाव्या वर्षी पुण्याला गेला. आईने चिवडा आणि शंकरपाळे बांधून दिले, बाबा स्टेशनवर पोचवायला गेले. 'का जातोस' असं कोणी विचारलं नाही. पुणे हेच कारण. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते म्हटलं की ते मात्र 'घर सोडून जाणं' होतं.

नेमकं काय हवंय तेही लिहून टाकते, नाहीतर तुम्ही विचारालच. रात्री बारापर्यंत दिवा चालू राहिला तरी दारातून कोणी "झोपली नाहीस अजून?" म्हणू नये. रविवारी चार वाजेपर्यंत आंघोळ न करता लोळावं. आज डब्यात काय आहे ते मला माहीत असावं, कारण तो मी भरलाय. आणि घरी यायला उशीर झाला की नाही हे मला घड्याळावरून कळावं, आईच्या चेहऱ्यावरून नाही.

प्रश्न एवढाच: घरी कारण काय सांगू? सप्टेंबरात महालक्ष्म्यांना (काहींकडच्या गौरी) आमच्याकडे चाळीस पानं उठतात. सगळ्या आत्या, माम्या, चुलत घरं. त्यांना आईला काहीतरी सांगावं लागेल ना.

सांभारवडी | ११ जून, ११:२१

ऑफिस लांब पडते म्हणून सांग. विषय संपला. झोप आता. (सॉरी, हेच नको होतं ना तुला? 😄)

कूलरची_मोटर | ११ जून, ११:३०

बाकी चर्चा होत राहील. वरचा मजला तर घेऊन नाही राहिल्या ना तुम्ही? एवढं आधी सांगा.

वऱ्हाडी_ठेचा | ११ जून, ११:५२

काऊन घाबरून राहिली वं बाई? २९ वर्षांची झाली, कमावून राहिली, आन् कारण काय सांगू म्हणते. जायचं म्हणून जाऊन राहिली, अजून काय कारण लागते मानसाले? माह्या बापानं १९ व्या वर्षी मले खोलीतून काढलं होतं, त्याले कोनी कारण इचारलं नाई.

सांभारवडी | ११ जून, ११:५५

ठेचाभाऊ, तुम्हाला का काढलं ते पण सांगा ना सगळ्यांना.

वऱ्हाडी_ठेचा | १२ जून, ००:०३

तो वेगळा धागा होईन.

अंबाझरीकाठ | १२ जून, सकाळी ८:१४

'ऑफिस लांब' हे कारण चुकूनही देऊ नका. मी दिलं होतं, भोगलं आहे.

२०१८ ची गोष्ट. माहेर बर्डीजवळ (सीताबर्डी), नोकरी खापरीच्या पुढे. वर्धा रोडवर कामं चालू, धूळ, खड्डे, ट्रक. घरी सांगितलं की रोज दोन तास गाडी चालवून पाठ गेली, तिकडेच खोली घेते. आईबाबांना पटलं. बाबांनी तर स्वतः सामान पोचवलं. मी खुश, काय हुशारी केली म्हणून.

मार्च २०१९ मध्ये बर्डी ते खापरी मेट्रो सुरू झाली. बाबा पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून खापरीपर्यंत जाऊन आले. संध्याकाळी फोन. "अगं, एसी आहे, बसायला जागा आहे, आणि किती मिनिटं लागली सांगू? आता ये तू परत." आता काय सांगणार? माझं कारण रुळावरून निघून गेलं होतं. मग पाठदुखी झाली, शिफ्ट झाली, घरमालकाचा करार झाला, एकेक कारण शोधत गेले आणि प्रत्येक कारणाला बाबांकडे उपाय होता. शेवटी एक दिवस रडत ओरडले की मला एकटीला राहायचंय म्हणून राहते आहे. ते एकदम गप्प झाले. म्हणाले, हे आधी सांगायचं होतं, मी उगाच तिकडे जाऊन आलो.

आजही त्यांना त्या तिकिटाचं दुःख आहे.

निळी_छत्री | १२ जून, ८:४०

अंबाझरीकाठ, बसमध्ये वाचलं आणि एकटीच हसत सुटले. अगदी हेच. कारण दिलं की ते सोडवायला बसतात. बाबा तर इंजिनिअरच आहेत.

कूलरची_मोटर, हो, वरचाच मजला बघितलाय. का?

कूलरची_मोटर | १२ जून, ८:४४

🙏 देव तुमचं भलं करो.

मृगनक्षत्र | १२ जून, दुपारी १:१०

थोडं कडू लिहितो, राग मानू नका.

भाडं साडेनऊ हजार धरा. वर्षाचे १ लाख १४ हजार. पाच वर्षांत ५ लाख ७० हजार, वीज, किराणा, गॅस वेगळा. हे सगळं कशासाठी, तर रात्री बारापर्यंत दिवा लावायला. खोलीचं दार लावून घ्या, दिवा दिसणार नाही. घरात आजी आहे म्हणता, आईवडील साठीच्या आसपास असणार. भाऊ आधीच बाहेर. उद्या कोणाचं बीपी वाढलं तर तुम्ही खामल्याहून येणार? आपल्याकडे घर म्हणजे लॉज नाही की आवडलं नाही म्हणून चेकआऊट केलं. तेच पैसे साठवा आणि तीन-चार वर्षांनी फ्लॅट बुक करा. स्वतःचं घर असेल तर कोणी काही बोलणार नाही.

बर्फगोळा | १२ जून, १:१८

लॉजमध्ये "झोपली नाहीस अजून?" असं विचारत नाहीत, हा मुद्दा नोंदवून घ्यावा.

निळी_छत्री | १२ जून, रात्री ९:५५

मृगनक्षत्र, राग नाही. हे गणित वहीत करून झालंय. हातात ४६ हजार येतात. भाडं, वीज, किराणा, पेट्रोल धरून २१-२२ पर्यंत जातील. उरलेल्यात एसआयपी चालू राहते, थोडी कमी होते इतकंच. घरी बाबा माझ्याकडून एक रुपया घेत नाहीत. तुम्हाला हे सुख वाटेल. मला वाटतं की दहा वर्षांनी मला कांद्याचा भाव माहीत नसेल.

दाराचं म्हणाल तर आमच्याकडे दार आहे, कडी नाही. आजी पडली तर उघडता यावं म्हणून बाबांनी सगळ्या कड्या काढल्या. कारण खरं आहे. त्यावर भांडता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

बीपीचं मात्र लागलं. त्याचा विचार करतेय.

कपाटाची_किल्ली | १२ जून, १०:३०

मी २४ वर्षं बापाच्या घरात राहिले आणि १७ वर्षं नवऱ्याच्या. दोन्हीकडे लाड झाले, खोटं बोलणार नाही. पण 'आज कुठली भाजी' याचं उत्तर अजून मला एकटीला देता आलेलं नाही. जा गं तू.

दोन_मजली | १३ जून, सकाळी ७:०५

मी पलीकडच्या बाजूचा माणूस. त्रिमूर्तीनगरला दोन मजली घर आहे, वरचा मजला भाड्याने देतो. एकट्या मुलीला द्यायला मी आधी नाही म्हणतो, नंतर विचार करतो. खरं सांगतो, भीती मुलीची नसते. मागच्या वेळी एक बँकेतली मुलगी होती, तिच्याइतकं स्वच्छ आणि वेळेवर भाडं देणारं कुटुंब मला अजून मिळालेलं नाही. पण समोरच्या काकू रोज माझ्या बायकोला विचारायच्या, काल तो मुलगा कोण आला होता. भाऊ होता तिचा. दर वेळी उत्तर देत बसायचं काय?

म्हणून मी दोन अटी ठेवतो: दहाच्या आत घरी, आणि करारावर वडिलांची सही. माझं घर, माझे नियम. यात गैर काय?

सांभारवडी | १३ जून, ७:३१

काका, 'माझं घर, माझे नियम' हेच ती पण म्हणून राहिली ना. फक्त तिचं घर तुमच्या वरच्या मजल्यावर आहे.

बर्फगोळा | १३ जून, ७:३४

वडिलांच्या घरातून निघाली आणि दहाच्या आतवाल्या काकांकडे आली. आगीतून फुफाट्यात, तेही डिपॉझिट देऊन.

कलम_बहाद्दर | १३ जून, दुपारी २:४५

वकिली करते, म्हणून थोडं रुक्ष. पण हे माहीत असावं.

दोन_मजली, सज्ञान माणसाच्या भाडेकरारावर वडिलांची सही लागते असं कोणत्याही कायद्यात नाही. अठरा पूर्ण झाले की करार तिचा. तुम्ही मागू शकता, ती नाही म्हणू शकते. लागतं ते वेगळंच: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (आपण ज्याला सरसकट भाडेकरार म्हणतो तो) लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. 'अकरा महिन्यांच्याला नोंदणी लागत नाही' हा आपल्या राज्यात निव्वळ गैरसमज आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, भाडेकरूची नाही. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर, नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. आता ऑनलाइन होते नोंदणी, आधार आणि अंगठा लागतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची असते, तीही देऊन टाका.

नीळे, डिपॉझिट किती, परत कधी, रंगरंगोटीचे पैसे कापणार का, आणि नोटीस किती दिवसांची, हे चार मुद्दे लेखी घे. 'आपलंच घर समज' म्हणणाऱ्याकडून तर दोनदा घे.

मृगनक्षत्र यांच्या फ्लॅटच्या मुद्द्याबद्दल: १ एप्रिल २०२१ पासून राज्यात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ते जेव्हा घ्यायचं तेव्हा घे. आणि सहज आठवण म्हणून, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्माने आहे. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायला हवे होते का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला: गरज नाही. वेगळी राहिलीस म्हणून हक्क जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलींना वाटतं की जातो.

दोन_मजली | १३ जून, ३:२०

नोंदणीचं माहीत नव्हतं. म्हणजे ऐकून होतो. बघतो. दहाचा नियम मात्र राहील.

वऱ्हाडी_ठेचा | १३ जून, ३:२६

काका, रात्री दहाले तर आमच्याकडं पोट्टे जेवाले बसतेत.

इंदोरा_चौक | १३ जून, रात्री १०:१२

या धाग्यावर आजीची आठवण आली, म्हणून लिहितोय.

जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली होती. बाबासाहेब बोलायला होते. माझी आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. आईबरोबर चालत गेली होती. तिथे बाबासाहेबांनी बायकांना जे सांगितलं ते ती मरेपर्यंत सांगायची, तिच्या शब्दांत: पोरांची लग्नं घाईनं लावू नका, लग्न म्हणजे जोखीम आहे, ती पेलायची ताकद आल्याशिवाय ती त्यांच्या डोक्यावर ठेवू नका. आणि लग्न झालं तर बाईनं नवऱ्याच्या बरोबरीनं, त्याची मैत्रीण म्हणून उभं राहावं, दासी म्हणून नाही. हे त्र्याऐंशीएक वर्षांपूर्वी, सभेत हजारो बायका समोर बसलेल्या असताना.

आजीचं लग्न पुढच्याच वर्षी झालं. तिच्या आईने परिषद ऐकली, पण स्थळही चांगलं होतं. हे सांगताना आजी हसायची. मात्र लग्नानंतर तिने बिड्या वळून स्वतःचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवले, आणि तो डबा आजोबांनी कधी उघडला नाही. त्या डब्यातून माझ्या आत्याची फी गेली.

जाईबाई चौधरींचं नावही ती घ्यायची. नागपूर स्टेशनवरून डोक्यावर ओझी वाहणारी बाई, पुढे शिकली आणि तिने मुलींसाठी शाळा काढली. आपल्याच शहरातली. तेव्हा कोणी तिला विचारलं असेलच की, बाई, कारण काय.

कपाटाची_किल्ली | १३ जून, १०:४०

डब्याची गोष्ट आवडली. माझ्याकडे साबुदाण्याचा डबा आहे.

सांभारवडी | १३ जून, १०:४१

पत्ता पाठवा.

आठवी_पायरी | १४ जून, रात्री १२:३०

मी घटस्फोटानंतर एकटी राहायला लागले, ३४ व्या वर्षी. सात वर्षं झाली. माहेरचे म्हणाले, ये इकडे, खोली आहे. गेले नाही. इथे सगळे 'जा, जा' म्हणत आहेत, म्हणून मी दुसरी बाजू पण लिहिते.

पहिल्या दिवशी बर्डीवरून कुलूप घेतलं. साडेतीनशेचं. दुकानदाराने तीन किल्ल्या दिल्या. एक मी ठेवली, दुसरी पर्समध्ये, तिसरी हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते, कारण ती द्यायला माणूस सुचेना. तेव्हा खरं कळलं मी काय केलंय ते. तिसरी किल्ली कोणाकडे देणार हे घर बघण्याआधी ठरव, निळी. पाच-दहा मिनिटांत पोचणारं कोणीतरी हवं. माझी आता खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडे असते.

रात्रीची भीती वाटेल असं सगळे सांगतात. मला नाही वाटली. मला रविवारची दुपार जड गेली. तीन ते पाच. ऊन, सगळ्यांची दारं बंद, कूलरचा आवाज, आणि फोन करावा तर सगळी जेवून झोपलेली. त्या वेळेला काहीतरी काम ठेव. मी गोधडी शिवायला घेतली. वाईट शिवली आहे.

ताप येईल. चिकनगुनिया झाला तेव्हा मी बाटलीचं झाकण उघडू शकत नव्हते. तेव्हा मेडिक्लेम उपयोगी पडतो आणि वरणभात आणून देणारं माणूस त्याहून जास्त. मला आईच आठवली आणि मी तिलाच बोलावलं. ती आठ दिवस राहिली, माझ्या स्वयंपाकघरातली सगळी मांडणी बदलून गेली. मी काही बोलले नाही. ती गेल्यावर परत लावली.

पण परत जायचं का, असं कोणी विचारलं तर नाही.

निळी_छत्री | १४ जून, ७:५०

तिसऱ्या किल्लीवर अडकले. आपण कारणाचाच विचार करत बसलो होतो.

बर्फगोळा | १४ जून, १०:०५

गंभीर झालं वातावरण. एक साधा प्रश्न: एकट्या माणसाने वरण किती लावायचं? मी सहा महिने झाले एकटा आहे, दर वेळी तीन दिवसांचं होतं.

आठवी_पायरी | १४ जून, १०:२०

अर्धी मूठ तूरडाळ. ज्या मुठीने जेवता त्याच मुठीने.

कपाटाची_किल्ली | १४ जून, १०:२६

उरलं की दुसऱ्या दिवशी कणीक भिजवून त्यात वरणफळं. तिसऱ्या दिवशी उरतच नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १४ जून, १०:३१

कायले करता एवढं. चौकात तर्री-पोहे खायचे सकाळी, दुपारी कँटीन, रात्री परत चौक.

बर्फगोळा | १४ जून, १०:३३

चार महिने तेच केलं. डॉक्टर म्हणाले, तर्री सोडा किंवा मला सोडा.

(यानंतर सावजी की तर्री, आणि तर्रीत चणे की वाटाणे, यावर एकोणीस प्रतिसाद पडले. ते आमच्या विनंतीवरून संपादकांनी दुसऱ्या धाग्यावर हलवले आहेत. चणेच.)

निवृत्त_वरणभात | १६ जून, सकाळी ६:१०

मी इथे फारसा लिहीत नाही. वय ६८, सरकारी नोकरीतून निवृत्त, प्रतापनगरला एकटा राहतो. पत्नी जाऊन अडीच वर्षं झाली. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला. दोघेही म्हणतात, आमच्याकडे या, एकटे कशाला राहता.

म्हणजे निळीताई, तुमचा प्रश्न माझाही आहे. मला माझ्याच घरात राहायचंय आणि त्याला कारण द्यावं लागतंय.

मी 'पेन्शनची कामं असतात' म्हणालो. मुलाने सांगितलं, हयातीचा दाखला आता मोबाइलवर होतो. 'झाडं आहेत' म्हणालो. मुलगी म्हणाली, माळी लावू. अंबाझरीकाठ यांचे वडील आणि माझी मुलं यांची एकदा भेट घडवून आणली पाहिजे.

आता जे सांगायला बसलो आहे ते सांगतो. २००३ साली माझ्या मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. मी जाऊ दिलं नाही. इथेच बीएस्सी कर म्हणालो. भांडलो नाही, रागावलो नाही. म्हणालो, "काळजी वाटते गं, म्हणून." तिने केली बीएस्सी. लग्न होऊन शेवटी पुण्यालाच गेली.

गेल्या दिवाळीत ती माझी बॅग भरायला बसली होती. मी म्हटलं, मला नाही यायचं. ती म्हणाली, "बाबा, काळजी वाटते हो, म्हणून." अगदी त्याच सुरात. तिला आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मला मात्र पुढे बोलता आलं नाही.

आता आमचं असं ठरलंय: सकाळी साडेसातच्या आत मी दोघांना चहाच्या कपाचा फोटो पाठवतो. आठपर्यंत आला नाही तर मुलगी शेजारी फोन करते. दोनदा झोप लागून राहिली आणि दोनदा शेजारी दार वाजवून गेले. चालतं. तुमच्या आईला रोजचा एक फोटो देऊन बघा. आईच्या चेहऱ्यापेक्षा स्वस्त पडेल.

अंबाझरीकाठ | १६ जून, ७:४०

काका 🙏

मृगनक्षत्र | १६ जून, ९:१५

काका, तुम्ही मला निरुत्तर केलंत, पण माझा मुद्दा मी सोडलेला नाही. तुमच्या शेजाऱ्यांना कंटाळा आला तर?

निवृत्त_वरणभात | १६ जून, ९:२२

तर पुण्याला जावं लागेल. ते माहीत आहे मला.

कूलरची_मोटर | १६ जून, ९:५०

निळीताई, वरचा मजला घेणारच असाल तर ऐका. स्लॅब दिवसभर तापतो, रात्री तो तापलेला स्लॅब तुमच्या अंगावर असतो. प्लास्टिकचा छोटा कूलर घेऊ नका, नागपूरच्या मे महिन्यात तो फक्त वारा मारतो. लोखंडी बॉडी, तिन्ही बाजूंना गवत. तो खिडकीच्या बाहेर लावायचा, म्हणून घरमालकाला आधी विचारा की बाहेरून अँगल ठोकू देणार का. आणि समोरची एक खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर रात्री चिकचिक होते. गच्चीवर टाकी आहे का, आणि ती उन्हात आहे का? असेल तर मे महिन्यात गिझर लागणार नाही.

सांभारवडी | १६ जून, ९:५४

संपूर्ण धाग्यातला एकमेव उपयोगी प्रतिसाद.

निळी_छत्री | ३० जून, रात्री ११:४०

सांगितलं.

कारण दिलं नाही. जेवण झाल्यावर म्हटलं, मला एकटीने राहून बघायचंय, त्रिमूर्तीनगरला घर पाहिलंय, एक ऑगस्टपासून. आईने विचारलं, "आमचं काय चुकलं?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "मग?" त्या 'मग'ला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. बाबा उठून गच्चीवर गेले. आजीला ऐकू कमी येतं, तिला वाटलं लग्न ठरलं. ती खुश आहे.

कपाटाची_किल्ली | ३० जून, ११:४८

आजीला तसंच राहू दे दोन दिवस.

आठवी_पायरी | १ जुलै, ६:३०

गच्चीवर जाऊ दे त्यांना. माझे वडील महिनाभर पेपर वाचत होते.

निळी_छत्री | १९ ऑगस्ट, रात्री १०:१५

अपडेट मागणाऱ्यांसाठी. आले राहायला. करार नोंदवलेला आहे, कलम_बहाद्दर, माझ्या एकटीच्या सहीने. (घरमालक दोन_मजली नाहीत. तशी शंका दोघांनी विपूत, म्हणजे माझ्या विचारपुशीच्या पानावर, विचारली.) दहाचा नियम नाही, पण फाटकाला कुलूप अकराला लागतं आणि त्याची किल्ली मला दिली आहे.

बाबा अकरा दिवस बोलले नाहीत. बाराव्या दिवशी घर बघायला आले. काही न बोलता नळ उघडून बघितले, एमसीबीचा बोर्ड उघडून बघितला, मग दाराशी जाऊन कडी लावून बघितली. "बरी आहे," म्हणाले. तिसरी किल्ली त्यांनाच दिली. ते पंधरा मिनिटांत पोचत नाहीत, माहीत आहे मला. चौथी करून घेऊन शेजारी देईन.

अर्धी मूठ बरोबर आहे.

मृगनक्षत्र | २० ऑगस्ट, ८:००

अभिनंदन. एसआयपी बंद करू नका.

निळी_छत्री | १५ सप्टेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं.

महालक्ष्म्यांना दोन दिवस आधी घरी गेले. सोळा भाज्या चिरल्या, आंबील ढवळली, मुखवटे पुसले. जेवणं झाल्यावर मोठ्या आत्याने सगळ्यांसमोर विचारलंच, काय गं, ही वेगळी राहायला गेली म्हणे? मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "तिचं ऑफिस लांब पडतं ना."

मी बघतच राहिले. एवढं सगळं कारण न देता केलं, आणि आईने शेवटी तेच दिलं. आत्या म्हणाली, "अगं पण आता मेट्रो आहे." आई म्हणाली, "मेट्रोत तिला चक्कर येते."

मला चक्कर येत नाही. मला राग आला होता, रात्री भांडणार होते. मग राहू दिलं. बरोबर केलं का?

निवृत्त_वरणभात | १५ सप्टेंबर, ९:५२

राहू द्या. ते कारण त्यांना लागत होतं, तुम्हाला नाही.

अंबाझरीकाठ | १५ सप्टेंबर, १०:०१

मेट्रोत चक्कर! हे मला २०१९ मध्ये का सुचलं नाही??

वऱ्हाडी_ठेचा | १५ सप्टेंबर, १०:०७

तुही माय सगळ्यायले पुरून उरली बाप्पा.

निळी_छत्री | १५ सप्टेंबर, १०:२०

अजून एक. निघताना आईने पिशवी दिली: पुरणपोळ्या, आंबील, आणि खाली एक घडी केलेली चादर. म्हटलं, चादर आहे माझ्याकडे. म्हणाली, "ती माझी आहे. पुढच्या शनिवारी येईन म्हणते. बाबांना सांगितलं नाही अजून."

कपाटाची_किल्ली | १५ सप्टेंबर, १०:२४

कारण काय सांगणार आहेत त्या?

कूलरची_मोटर | १५ सप्टेंबर, १०:३१

मध्येच विचारतो, माफ करा. पाऊस ओसरला. कूलरमधलं पाणी काढलं का? डेंग्यूचे दिवस आहेत, टाकी कोरडी करून कापड मारून ठेवा. आई यायच्या आधी.

निळी_छत्री | १५ सप्टेंबर, १०:३३

उद्या सकाळी काढते.